आखाजीपर्यंत किती बेटकुळी?

संक्रांत झाली की जळगाव-धुळ्याकडच्या जिममध्ये गर्दी वाढते. पुढे लगीनसराई असते. कुणाच्या चुलतभावाचं लग्न आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तिथीला असतं, वरातीत नाचायचं असतं आणि शर्टाची बाही दंडाला घट्ट बसायला हवी असते. काहींचं तर स्वतःचंच लग्न ठरलेलं असतं. ट्रेनरला पहिला प्रश्न येतो, "भो, तीन महिन्यांत बॉडी बनेल ना?" पावती फाडायची असते, त्यामुळे "बनेल ना, का नाही बनणार?" हे उत्तरही ठरलेलं.

या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येतं. ते काउंटरवर फारसं कुणी देत नाही, कारण ऐकून निम्मे जण फी परत मागतील. इंजेक्शन-गोळ्यांच्या वाटेला न जाणारा, आठवड्यातून तीन-चार दिवस नीट व्यायाम करणारा आणि पोटभर जेवणारा नवखा तरुण तीन महिन्यांत दीड ते दोन किलो स्नायू कमावतो. वर्षभर टिकला तर चार ते सहा किलो. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मे. त्यानंतर वर्षाला एखादा किलो चढला तरी ते वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. मुलींसाठी किलोचे आकडे साधारण निम्मे धरावेत. मात्र मूळ स्नायूच्या टक्केवारीत पाहिलं तर त्यांची वाढ मुलांइतकीच असते. वजनं उचलली की आपण पुरुषी दिसू, अशी भीती ज्या मुलींना घातली जाते, त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

हे दोन किलोही एका जागी बसत नाहीत. मांड्या, नितंब आणि पाठ हे मोठे स्नायू आधी आपला वाटा उचलतात. दंडावर टेप लावली तर तीन महिन्यांनी अर्धा-पाऊण इंच फरक दिसतो. हा आकडा लहान वाटतो, पण थोडं गणित करून पाहा. दंडाचं छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाने वाढतं. १२ इंची दंड १३ इंची झाला तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यातलं हाड काही वाढत नाही आणि चरबी वाढायला नको असते, म्हणजे सगळा भार स्नायूवर. त्याला १७ टक्क्यांहूनही जास्त वाढावं लागतं. "एकच इंच तर वाढला" म्हणून नाक मुरडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मग पोस्टरवरची आणि रीलमधली तीन महिन्यांतली कायापालटं येतात कुठून? थोडी उजेडाच्या कोनातून, थोडी फोटोआधी मारलेल्या व्यायामाच्या सेटमधून (फेरीतून), थोडी पाणी तोडण्यातून. बाकीची सुईतून. सुईचा हिशोब १९९६ साली शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वच्छ मांडून ठेवला आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या त्या प्रयोगात ४३ पुरुष होते, चार गट होते आणि मुदत १० आठवड्यांची होती. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) दिलं, काहींना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं इंजेक्शन. ज्यांनी औषधाविना व्यायाम केला त्यांचं चरबी सोडून वजन सुमारे दोन किलोंनी वाढलं. ज्यांनी औषध घेतलं आणि व्यायाम अजिबात केला नाही त्यांचं तीन किलोंहून जास्त वाढलं. दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलोंहून जास्त. म्हणजे घाम गाळणाऱ्यापेक्षा सुई टोचून खाटेवर पडलेला पुढे गेला. शेजारच्या बेंचवरच्या माणसाशी आपली तुलना करण्याआधी तो यांतल्या कोणत्या गटात आहे हे ठाऊक असलेलं बरं, आणि ते तो सांगणार नाही.

तीन महिन्यांचं झालं. आयुष्यभराची मर्यादाही काढता येते. त्यासाठी चरबी वगळून उरलेलं वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं; येतो तो निर्देशांक. १९९५ मध्ये कोरी, पोप आणि सहकाऱ्यांनी दीडशेवर खेळाडूंचे हे आकडे तपासले. स्टिरॉइड (टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची औषधं) न घेणाऱ्यांचा निर्देशांक २५ च्या आसपास येऊन थांबत होता, घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा त्याच्या वर होता. २५ ही काही दगडावरची रेघ नाही, क्वचित कुणी औषधाविना ती ओलांडतोही. पण अंदाज बांधायला ती उपयोगी आहे.

समजा, चोपड्याचा एक मुलगा १७० सेंटिमीटर उंच, ५८ किलो वजनाचा आणि १४ टक्के चरबीचा आहे. चरबी वगळून ५० किलो, भागिले २.८९, म्हणजे निर्देशांक १७.३. त्याने चार-पाच वर्षं चिकाटीने काम केलं तर २१-२२ पर्यंत पोहोचणं शक्य कोटीतलं आहे. म्हणजे आणखी अकरा ते चौदा किलो, आणि चरबीची टक्केवारी तेवढीच राहिली तर वजन ७१ ते ७४. हा मुलगा कपड्यांतही व्यायाम करणारा म्हणून ओळखू येईल. स्टेजवरच्या ९० किलोंच्या दगडी देहाशी मात्र त्याचा काही संबंध नाही, आणि तो देह समोर ठेवून सुरुवात केली तर ७२ किलोंचं चांगलं शरीरही त्याला अपयश वाटत राहील. माझ्या मते जिम सोडण्याचं हे आळसाहून मोठं कारण आहे.

माणसामाणसांतला फरकही धरायला हवा. २००५ मध्ये ५८५ स्त्री-पुरुषांनी १२ आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम केला. कुणाच्या दंडाच्या स्नायूचा आकार किंचित घटला, तर कुणाचा जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढला. बहुतेक जण मधे कुठेतरी होते. एकाच दिवशी नाव घातलेल्या दोन मित्रांत एकाची बेटकुळी वर येते आणि दुसऱ्याची येत नाही, तेव्हा दुसरा कामचुकार असेलच असं नाही. स्नायू कुठे संपतो आणि त्याला हाडाशी जोडणारी कंडरा कुठून सुरू होते हेही जन्मतः ठरलेलं असतं. त्यामुळे बेटकुळीचं टोक किती उंच दिसेल हे कुणाच्या हातात नसतं.

सुरुवातीचे दोन महिने तर शरीर सरळसरळ फसवतं, तेही दोन्ही बाजूंनी. पहिल्या तीन-चार आठवड्यांत वजनकाटा दीड-दोन किलो पुढे सरकतो. खाणं वाढलेलं असतं, स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केलं असेल तर आणखी एखादा किलो पाणी. मुलगा खूश होतो, महिन्याला दोन किलो तर वर्षाला चोवीस, असा हिशोब मांडतो. दुसऱ्या महिन्यात काटा थबकतो. याच काळात ताकद मात्र झरझर वाढते, तीस किलोंचा बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून छातीवरून वजन वर ढकलणं) पंचेचाळीसवर जातो, कारण मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू जास्त चांगला वापरायला शिकत असतात. ताकद वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही. मग जिम बदलली जाते, ट्रेनर बदलला जातो किंवा पावडरीचा मोठा डबा विकत घेतला जातो. खरी वाढ नेमकी याच सुमाराला जमू लागलेली असते.

म्हणून मोजमाप नीट हवं. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी करायचं आणि आठवड्याची सरासरी लिहायची. एका दिवसाचा आकडा किलो-दीड किलोने इकडेतिकडे होतोच; रात्रीची झणझणीत शेवभाजी मिठामुळे दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसते. दंड मोजायला शिंप्याची टेप पुरते. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे पेनाने खूण करा. हात सैल सोडा. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. हे चार आठवड्यांतून एकदा, सकाळी, व्यायामाआधी. सेट मारल्यावर मोजलं तर रक्त भरल्यामुळे सेंटिमीटरभर जास्त भरतं आणि घरी पोहोचेपर्यंत ते उतरलेलं असतं. सोबत बेंबीपाशी कंबर मोजा. चरबीची टक्केवारी सांगणारे घरगुती काटे दोन पेले पाणी प्यायल्यावरही वेगळं उत्तर देतात. त्यापेक्षा कंबरेची टेप खरं बोलते. किडकिडीत मुलाने पहिल्या महिन्यानंतर महिन्याला अर्धा ते एक किलो वाढावं. दोन-दोन किलो वाढत असेल आणि पँटचं बटण लागत नसेल, तर ते बल्किंग (अंग भरायला मुद्दाम वजन वाढवणं) वगैरे काही नाही, नुसतं पोट सुटतंय.

आता व्यायाम. नवख्याला आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम पुरतो. सोमवारी स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंच प्रेस, बार्बेल रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) आणि शेवटी दंडाचं कर्ल (कोपर वाकवून वजन उचलणं). बुधवारी रोमानियन डेडलिफ्ट (कमरेत वाकून रॉड उचलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), इनक्लाइन डंबेल प्रेस (तिरप्या बाकावर), लंजेस (एक पाय पुढे टाकून बैठक) आणि ट्रायसेप्स (दंडाचा मागचा स्नायू). शुक्रवारी पुन्हा सोमवारचं, पुढच्या सोमवारी बुधवारचं. प्रत्येकाचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (आवर्तनं), आणि अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या अशा ठिकाणी थांबायचं. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं विसावा. (मोबाइलवर एक रील पाहू म्हटलं की सहा मिनिटं गेलीच.) एका स्नायूला आठवड्यात सहा-आठ सेटपासून सुरुवात करून पुढे दहा-पंधरापर्यंत नेता येतं. सोमवारी छातीचे वीस सेट मारायचे आणि मग आठवडाभर छातीला हात लावायचा नाही, ही जुनी रीत नवख्याच्या फायद्याची नाही. शेवटचे आठ-दहा सेट दमलेल्या अंगाने नुसते पाडलेले असतात.

वाढीचा खरा पुरावा वहीत मिळतो. स्क्वॉटचं एक पान असं दिसतं: ४० किलो, १०, ९, ८. पुढच्या वेळी ४० किलो, १०, १०, ९. मग ११, १०, १०. असं करत एक दिवस १२, १२, १२ लागतात, आणि त्यानंतरच ४२.५ किलो, ९, ८, ८. वही ठेवायला लाजणारे पुष्कळ आहेत. मागच्या आठवड्यात किती उचललं होतं हे त्यांना आठवत नाही आणि वर्षभर ते तेच वजन उचलत राहतात.

इथे तालुक्याच्या जिममधल्या दोन अडचणी सांगायला हव्यात. पहिली, सव्वा किलोच्या प्लेट बऱ्याच ठिकाणी नसतात, असल्या तर कुठल्यातरी बेंचखाली पडलेल्या असतात. त्या नसतील तर रॉडवर एका झटक्यात पाच किलो वाढतात. डंबेलचं त्याहून अवघड आहे. साडेसातवरून दहावर उडी म्हणजे तेहेतीस टक्के वाढ. खांद्याच्या व्यायामात ती झेपत नाही, मग कंबर हलते, डंबेल झोकून दिलं जातं आणि खांदा दुखू लागतो. अशा वेळी साडेसातवरच १५ रेप्सपर्यंत जावं आणि मग दहा उचलावं. दुसरी अडचण रॉडची. मोठा ऑलिम्पिक रॉड २० किलोंचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी बारीक रॉड असतात आणि ते त्याहून बरेच हलके भरतात. वहीत आकडे लिहायचे तर रॉड एकदा काट्यावर ठेवून पाहावा.

गावात जिम नसेल तर जोर-बैठका आहेतच. त्यात एकच गोष्ट बिघडते. तीस जोर सहज निघू लागले की पुढचे शंभर दम वाढवतात, स्नायू फारसा वाढवत नाहीत. तेव्हा पाय ओट्यावर ठेवून जोर मारावेत, पाठीवर दप्तरात पाच-दहा किलो वाळू घ्यावी, बैठका एका पायावर नेण्याचा प्रयत्न करावा. पंधरा-वीसमध्ये दम निघेल इतकं अवघड काम हवं.

नुसत्या कष्टाने अंग भरत नाही, हे पाहायचं तर रावेर-सावद्याकडे केळीची कापणी बघावी. वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन माणूस चिखलातून, दोन सऱ्यांच्या मधून बाहेर गाडीपर्यंत येतो, घड उतरवतो आणि परत आत जातो. दिवसभर हेच. पोटऱ्या घट्ट, मनगटं लाकडासारखी, मान जाड. पण शर्ट अंगावर सैलच. कुणा जिमवाल्याला त्याच्याबरोबर दुपारपर्यंत घड वाहता येणार नाहीत. तरी त्याचा दंड सोळा इंची होत नाही, कारण काल घड जेवढ्या वजनाचा होता तेवढाच आज आहे, आणि जे खाल्लं ते संध्याकाळपर्यंत जळून गेलं. वाढायला चढतं वजन लागतं आणि खर्चून उरेल इतकं अन्न लागतं. त्याच्याकडे दोन्ही नाही.

तर अन्न. वजन राखायला लागतं त्याहून दोनशे-तीनशे कॅलरी रोज जास्त, एवढंच पुरे. एक केळं आणि पेलाभर म्हशीचं दूध घेतलं की झालं. केळ्याबद्दल आपल्याकडे जरा जास्तच अभिमान आहे, आणि तो फळ म्हणून रास्तही आहे. पण केळ्यात प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर. व्यायामाआधी ताकद द्यायला ते उत्तम, स्नायूची वीट त्यात नाही.

प्रथिनं किती? आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने साधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितली आहेत. स्नायू वाढवणाऱ्यासाठी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा दिसेनासा झाला. आपल्या ५८ किलोंच्या मुलाला म्हणजे रोज ९३ ग्रॅम. ही खानदेशी ताटातून कशी निघतात ते बघू. कळण्याची भाकरी ही आपली मोठी शिदोरी आहे. चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद धरले (प्रमाण घरागणिक बदलतं), तर ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत दहा ग्रॅम प्रथिनं येतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असतं, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीतून येतं. कुणी प्रयोगशाळेत न बसता ही जोडी जमवली आहे. दिवसाला चार भाकरी, म्हणजे चाळीस ग्रॅम. दोन पेले म्हशीचं दूध पंधरा ग्रॅम. तीन अंडी अठरा. पन्नास ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण बारा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे सात. वाटीभर दही पाच-सहा. बेरीज सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. अंडी चालत नसतील तर ३५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स तेवढंच काम करतात आणि खिशालाही परवडतात.

गडबड होते ती अंदाजात. पातळ वरणाची वाटी ही डाळीची वाटी नसते. त्यात तीन-चार ग्रॅमच प्रथिनं हाती लागतात. शेंगदाण्यात प्रथिनांच्या जवळजवळ दुप्पट चरबी असते, म्हणून शंभर ग्रॅम दाणे खाऊन प्रथिनं भरायला गेलं तर साडेपाचशेच्या आसपास कॅलरी येतात. आणि शेवभाजी बेसनाची, म्हणून प्रथिनांची, असं समाधान करून घेणारे आहेत. आठवड्यातून एकदा खावी, मनसोक्त खावी, पण प्रथिनांच्या खात्यात मांडू नये.

डब्यांचं थोडक्यात. मास गेनर म्हणजे मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरच. लेबलवर शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचावं आणि दूध-केळं-दाण्याचा कूट यांच्याशी ताडून पाहावं. व्हे प्रोटीन ही सोय आहे, दुधाचाच एक भाग. ज्याला जेवणातून भागतं त्याला त्याची गरज नाही. डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावं आणि सुट्या पिशवीतली पावडर घेऊ नये. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम, हे मात्र खरोखर थोडं काम करतं. रक्त तपासायला गेलात तर ते घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा, कारण क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीतला) आकडा त्यामुळे किंचित वर दिसू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आणि क्रिएटिन दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

"फक्त एक कोर्स मार" (म्हणजे स्टिरॉइडचा) हे वाक्य जिममध्ये कधी ना कधी कानावर येतंच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आकसतात, आणि कोर्स संपल्यावर ती गाडी रुळावर यायला महिने लागू शकतात. छातीत गाठ येते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते. तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृतावर बेततात. हल्ली मेफेंटरमाइनचीही इंजेक्शनं घेतात. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध. त्याने स्नायूचा एक तंतूही वाढत नाही, नुसती तरतरी येते, आणि उन्हाळ्यात धडधडणाऱ्या हृदयावर आणखी चाबूक.

उन्हाळ्याचा वेगळा हिशोब इथे ठेवावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याखालच्या जिममध्ये संध्याकाळी सहालाही भट्टी असते. मार्चमध्ये ६० किलोंवर दहा निघत होते, मेमध्ये आठ निघतात. हा स्नायू गेलेला नसतो, पाणी गेलेलं असतं. व्यायाम पहाटे हलवावा, आधी-नंतर वजन करून जितकं घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यावं, त्यात लिंबू-मीठ असावं, आणि वहीच्या कोपऱ्यात "गरमी" एवढं लिहून ठेवावं. जुलैत ते पान पाहिलं की उलगडा होतो.

पोलीस भरतीवाल्यांची ओढाताण निराळी. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि ७.२६ किलोंचा गोळा. शिवाय छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त. बेंच प्रेसने छातीचा घेर वाढेल, पण फुगवण्याचे पाच सेंटिमीटर श्वासातून आणि बरगड्यांच्या हालचालीतून येतात. छाती मोजणाऱ्यासमोर नुसते स्नायू ताणून ते भरत नाहीत. रोज धावणाऱ्याने वर्षाला सहा किलोंची आशा धरू नये. दोन-तीन किलो वाढले तरी उत्तम, आणि तेही धावण्यात जळतं तेवढं भरून काढलं तर. धावणं आणि पायांचा व्यायाम एकाच दिवशी आला तर मधे सहा-आठ तासांचं अंतर ठेवावं.

शेतकऱ्याच्या मुलाचं वर्ष काही जिमच्या तक्त्याप्रमाणे चालत नाही. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस कुठून काढणार? सुदैवाने कमावण्यापेक्षा राखणं फार सोपं आहे. २०११ च्या एका अभ्यासात तरुणांनी व्यायाम नवव्या हिश्शावर आणला, आठवड्यातून एकदाच केला, तरी बत्तीस आठवडे स्नायू टिकून राहिला. वजन मात्र तेवढंच जड ठेवायचं, सेट कमी करायचे. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन तासभर स्क्वॉट, बेंच आणि रोइंग केलं तरी हंगाम निभावतो.

पूर्णच खंड पडला तर तीन आठवड्यांपर्यंत घाबरण्याचं कारण नाही. दंड थोडा उतरलेला दिसतो, ते बहुतांशी पाणी आणि ग्लायकोजेन असतं. दोन-तीन महिने गेले असतील तर जुन्या वजनाच्या ६० टक्क्यांवर, प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, अशी सुरुवात करावी. दुसऱ्या आठवड्यात ७० टक्के, मग आठवड्याला थोडं-थोडं. जुने आकडे पहिल्यांदा गाठायला लागले त्यापेक्षा पुष्कळ लवकर परत येतात. पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलायचा मोह होतो, आणि गडबड तिथेच होते. मांड्या दुखणं, जिना उतरताना कठड्याला धरावं लागणं, हे दोन-तीन दिवसांत जातं. पण स्नायू टणक सुजला, दुखणं वाढतच चाललं आणि लघवी चहाच्या रंगाची झाली, तर ते अंगदुखीचं काम नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात जातात, आणि मे महिन्यातल्या सुकलेल्या अंगाला याचा धोका जास्त. अशा वेळी ट्रेनरला फोन न करता त्याच दिवशी सरकारी असो की खासगी, दवाखाना गाठावा.